गच्चीचा पाइप आणि टाकीजवळचा चढ

बाबा,

तुम्ही फिरायला गेलाय, म्हणून लिहून ठेवतोय. चहा थर्मासमध्ये आहे.

काल तुम्ही गच्चीचा उरलेला पाइप कापून, सायकलच्या ट्यूबने आवळून गाडीच्या एअर फिल्टरला जोडलात. तेव्हा ‘सोंड बसवलीत, आता चारा कोण घालणार?’ असं विचारणारा जावई मीच. जेवणानंतर तुम्ही तुमच्या घरी परत जायची बॅग भरलीत.

आत्ताच तुमच्या लेकीला कामावर सोडून आलो. पाण्याच्या टाकीजवळचा चढ आपली गाडी एरवी एसी बंद करून, पहिल्या गिअरमध्ये, कण्हत चढते. आज एसी चालू ठेवून दुसऱ्यात चढली. एंजिनाजवळच्या तापल्या हवेऐवजी समोरची गार हवा मिळाली की म्हातारी गाडीही मोकळा श्वास घेते, हे आमच्या गॅरेजवाल्याला इतक्या वर्षांत सुचलं नाही. लेक म्हणाली, ‘बाबा कुणाचे आहेत?’ उतरेपर्यंत तिने हे तीनदा विचारलं.

आता भरल्या डिकीने चढ जमतो का, तेवढं बघायचं राहिलंय. घरात भरलेली एकच बॅग सापडली. ती घेऊन ऑफिसला जातोय. तुमचा चष्मा आणि गोळ्या काढून टेबलावर ठेवल्यात.

ही चाचणी बरेच दिवस चालेल असं दिसतंय.