जुन्या बाजार इमारतीतलं लग्न

शुक्रवार, संध्याकाळ. अल दुहैल, आखातातलं आमचं घर.

सईचा इंग्लंडहून व्हिडिओ कॉल. तिच्या गावातली जुनी बाजार इमारत दाखवत होती. खाली दगडी खांब, वर लाकडी सभागृह, एका अंगाला कललेलं. "बाबा, आज इथं आमचं लग्न झालं." शेजारी एक गोरा मुलगा, डॅनियल.

आणि मी काय विचारलं? "तुळया मूळच्याच आहेत का गं?" इंजिनिअर ना! ती बिचारी सांगत राहिली, हो बाबा, ती कललेली बाजूसुद्धा तशीच जपलीय.

शेवटी सुनंदानं माझ्या हातातून फोन घेतला. लेकीला एवढंच विचारलं, "जेवलात का दोघं?" सई रडायलाच लागली.

मला मात्र काहीच वाटत नाहीये. निदान राग तरी?

आत्ता सुनंदा विचारून गेली, जावयाला काय आवडतं. मला त्याचं आडनावही माहीत नाही.