हेडफोनचं दुसरं भोक

सुरुची,

तू ऑनलाइन मागवलेला जुना वॉकमन परत न्यायला कुरियरवाला आला होता, मी त्याला हात हलवत परत पाठवलं. चिडू नकोस. आतला बेल्ट सैल झाला होता, तेवढा मी बदललाय. आणि वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोकं आहेत म्हणून कसली तक्रार करतेस? दुसरं शेजारी बसणाऱ्यासाठी असतं!

बोळिंजला नवीन आलो तेव्हा तुझी आई आणि मी गॅलरीत अशाच वॉकमनला दोन हेडफोन लावून एकच कॅसेट दोघं मिळून ऐकायचो. आता ती नाही, आणि तूही ताट घेऊन खोलीत जातेस.

तिचा हेडफोन माळ्यावर सापडला. पुसून टेबलावर ठेवलाय, तू वापर. मी सांडोरहून भाजी घेऊन सातपर्यंत येतो.

माझा हेडफोनही सापडलाय. तू म्हणालीस तरच लावीन.

बाबा