यॉर्कची एक रात्र बाकी

५ जुलै, शनिवार
ठरलं. सप्टेंबरात ग्लेन्डाला यॉर्कला न्यायचं. दोन रात्री. लग्नाला चाळीस वर्षं होतायत. हनिमूनलाही यॉर्कलाच गेलो होतो, दोन रात्रींसाठी. एका रात्रीतच परतलो, कारण क्लबच्या भाज्यांच्या प्रदर्शनात माझे लीक ठेवायचे होते. कांद्याच्या पातीच्या या थोरल्या भावापायी बायकोची एक रात्र बुडवली, असं सासूबाई मरेपर्यंत म्हणत. ग्लेन्डा तसं म्हणत नाही. फक्त दर सप्टेंबरात चहा ओतताना विचारते, यॉर्कला आज हवा कशी असेल रे? मन खातं. यंदा फेडून टाकायचं.

११ जुलै
हॉटेलांचे भाव वाचून चष्मा पुसला. पण मी काही कच्चा गडी नाही. सुटीत कॉलेजच्या वसतिगृहातल्या खोल्या भाड्याने मिळतात. स्वस्त, वर नाश्ता. खोल्या एकेकट्यासाठी आहेत. एक दुसऱ्या मजल्यावर, एक चौथ्यावर. मी घोरतो, तेव्हा यात तिचीच सोय.

१९ जुलै
जोडप्याचं रेल्वे कार्ड काढलं. दोघं बरोबर असतील तरच सवलत. फोटोत ग्लेन्डा हसली आहे. मी बहुधा डोळे मिटलेत.

तिकिटंही काढली. १८ सप्टेंबर, गुरुवार, सकाळची गाडी. त्या आठवड्यात सगळ्यांत स्वस्त. बदलता येत नाहीत, परत होत नाहीत. म्हणजे आता मागे फिरणं नाही. बरं वाटलं.

३ ऑगस्ट
कार्यक्रम आखला. शहराच्या तटावरून फेरी, फुकट. कॅथेड्रलला तिकीट आहे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला जाणाऱ्याला नाही. देवाचं नाव घेऊन आत शिरायचं, मान वर करून छत बघून घ्यायचं. सँडविच घरून.

ग्लेन्डाने निळा कोट घेतला. म्हणाली, प्रार्थनेतली गाणी ऐकताना अंगावर काहीतरी बरं हवं. तिने मला कशाचाच हिशेब विचारला नाही. अपराधी वाटलं, का ते कळलं नाही.

२८ ऑगस्ट
क्लबच्या भिंतीवर प्रदर्शनाची तारीख. शनिवार, २० सप्टेंबर. माल शुक्रवारी जमा, म्हणजे आम्ही यॉर्कला असताना. क्लबातला रेजी म्हणाला, अरे डेस्मंड, पाटी मे महिन्यापासून लागलीये, तू रोज तिच्याच खाली बसून बियर पितोस. माझी पाठ असते तिकडे.

ग्लेन्डाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाहीच. यंदा लीक ठेवायचे नाहीत. ठाम.

१० सप्टेंबर
नुसतं मोजून बघितलं. प्रदर्शनात दोन सारख्या लीकची जोडी ठेवायची असते, ती यंदा अशी जमलीये की बापजन्मात जमली नव्हती. मग क्लबात ऐकलं, पलीकडच्या गावात कुणीतरी प्रदर्शनासाठी पोसलेले दुसऱ्याचे लीक रात्रीत सुरीने चिरून टाकले. रेजी म्हणाला, तू निर्धास्त जा, मी नजर ठेवतो. रेजी गेल्या वर्षी दुसरा आला होता. त्याच्या पुढे फक्त मी होतो.

१७ सप्टेंबर
जायचं. बॅग भरली. लीकना पाणी दिलं, दोन शब्द बोललो. बायको आधी.

१८ सप्टेंबर, सकाळी ११
घरी आहे. लिहिणं भाग आहे.

स्टेशनवर रेजीचा फोन आला, तुझ्या एका लीकचं पान पिवळं पडलंय. मी ग्लेन्डाला म्हणालो, तू पुढे हो, मी दुपारच्या गाडीने येतोच. तिने हातातली तिकिटं उलटून पाहिली. म्हणाली, कार्ड दोघं असतील तरच चालतं ना? मग खिडकीवर जाऊन तिने पूर्ण भाड्याचं तिकीट काढलं. सँडविच मागून घेतले. निळ्या कोटात छान दिसत होती. लाज वाटली, पण गाडी सुटत होती.

दुपारी ३
पान झडायलाच आलं होतं. बाकी ठणठणीत. चारची गाडी आहे. पण प्रार्थना चुकणारच, मग आज जाण्यात अर्थ काय? उद्या सकाळी नक्की.

१९ सप्टेंबर
माल जमा केला. आता निघायचंच म्हटलं, तर उद्या दुपारी ती परत येणारच.

२० सप्टेंबर
बाद. परीक्षकाने चिठ्ठी लावली: दोन्ही उत्तम वाढले आहेत, पण जोड जमत नाही. पहिला रेजी.

दुपारच्या गाडीला स्टेशनवर गेलो. ग्लेन्डा उतरली नाही. फोन केला. म्हणाली, काळजी करू नकोस, उद्या येते.

२१ सप्टेंबर, रविवार
आली. मी लीकचं सूप करून ठेवलं होतं. तिने दोनदा घेतलं. मी विचारलं, राहिलीस कशी? म्हणाली, चाळीस वर्षांपूर्वीची एक रात्र बाकी होती ना, ती राहून आले.

चहा मी ओतला. यॉर्कला हवा कशी होती, म्हणून विचारलं.

म्हणाली, छान होती. आता नाही विचारणार मी.