सहीचा अधिकार

सोमवार, ४ मार्च

ब्रशच्या कारखान्याची फाइल आज माझ्या टेबलावर आपटली. आमचा पक्षकार ती जागा विकत घेतोय. विकणारी कंपनी तीन भावंडांची, दोन भाऊ आणि एक बहीण. कंपनीच्या वतीने थोरला भाऊ सही करणार. त्याला तसा अधिकार आहे का, एवढंच मला तपासायचं. पुरावा म्हणून एक ठराव जोडलाय — तिघांनी सभा घेतली, थोरल्याला नेमलं, खाली तिघांच्या सह्या. भाषा इतकी गुळगुळीत की संशय यावा.

वकीलसाहेब म्हणाले, बरोबरची खूण करा आणि मोकळ्या व्हा. साहेब आयुष्यभर खुणा करूनच मोकळे झालेत.

मंगळवार, ५ मार्च

दोन्ही भावांना वेगवेगळे फोन केले. सभा कुठे झाली? थोरला म्हणाला, कारखान्याच्या ऑफिसात. धाकटा म्हणाला, माझ्या घरी, जेवणाच्या टेबलाशी. कोणीच अडखळलं नाही. निदान खोटं तरी एकमेकांना विचारून बोलावं! — पण त्यासाठी एकमेकांशी बोलावं लागतं, आणि ते आई गेल्यापासून बंद आहे, असं साहेबच म्हणत होते.

बहीण होती का सभेला, असं धाकट्याला विचारलं.

"ताई? असणारच. ती कुठे जाणार?"

गुरुवार, ७ मार्च

कारखान्यात गेले. खाली सरसाचा वास, लाकडाचा भुसा, छिद्रांत केस ठोसणारी यंत्रं. वर, त्या सगळ्या आवाजावर, ताईची खोली. तिघांत मोठी. लग्न केलं नाही. आईवडिलांची दुखणी तिनेच काढली. तिच्या खोलीत पायाखालची फरशी थरथरते. चहाच्या कपात ब्रशचा एक केस निघाला. तिने तो बोटाने काढला आणि कप माझ्यापुढे केला.

सही तिचीच. सभा मात्र झालीच नाही. धाकटा खाली गाडी चालू ठेवून आला, जिन्यातच कागद पुढे केला. तिने भिंतीला टेकवून सही केली.

न वाचता? असं मी विचारलं.

"वाचलं की. जागा विकायची आहे."

इतकं शांतपणे! डोक्यावरचं छप्पर जातंय आणि बाई मला विचारतेय, साखर पुरे का. अशा मूग गिळून बसणाऱ्या बायका आहेत म्हणून असले भाऊ माजतात. मी तिला सांगितलं, घाबरू नका, ही खोली मी जाऊ देणार नाही. ती कप उचलून विसळायला गेली. आभारसुद्धा नाहीत.

शुक्रवार, ८ मार्च

अहवाल दिला. न झालेल्या सभेचा ठराव चालणार नाही. वडिलांनी कंपनीच्या नियमांत स्पष्ट लिहून ठेवलंय — जागा विकायची तर तिघांनी एकत्र बसून एकमताने ठरवायचं, आणि तिघं मिळून नेमतील त्याचीच सही. म्हणजे ताईच्या एका नकाराने सगळं अडतं. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

संध्याकाळी थोरल्याचा फोन. आवाज मधात बुडवलेला. "मॅडम, घरच्या माणसांत कसली हो सभा?"

घरची माणसं आहेत म्हणूनच, असं मी म्हटलं. त्याने फोन ठेवला.

शनिवार, ९ मार्च

झोप छान लागली. कोणाचं तरी भलं केलं की लागते.

मंगळवार, १२ मार्च

खरी सभा झाली, कारखान्याच्या ऑफिसात. मी साक्षीला. दोन भाऊ टेबलाच्या दोन टोकांना, मधे ताई. थोरल्याने स्वतःचं नाव सुचवलं. धाकटा म्हणाला, तुझंच का? खोट्या सभेत एकमत होतं. खऱ्या सभेत दोघे शेंबड्या पोरांसारखे भांडले. एकाने दुसऱ्याची वडिलांच्या आजारपणातली गैरहजेरी काढली, दुसऱ्याने पहिल्याची बायको. आवाज यंत्रांच्या वर गेला. ताई मान खाली घालून साडीवरचा भुसा झटकत होती.

शेवटी दमले. एकाचा दुसऱ्यावर काडीचा विश्वास नाही, म्हणून धाकटा म्हणाला, सगळा अधिकार ताईलाच देऊ. थोरल्याने लगेच मान डोलावली. बोट दाखवू तिथे ती सही करते, हा दोघांचाही हिशेब. विकायचं की नाही, कधी, कोणाला — सगळं ताईच्या हाती, असा ठराव या दोन गाढवांनी स्वतःच्या हाताने लिहून दिला!

ताईने मला विचारलं, "म्हणजे आता माझ्याशिवाय कोणाचीच सही चालणार नाही?"

नाही, म्हटलं.

ती किंचित हसली. भावांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. आता बसा बोंबलत.

गुरुवार, १४ मार्च

आमचं ऑफिस उघडायच्या आधीच ताई दाराशी. एकटी. विक्रीच्या कागदांचं पानन् पान वाचून सह्या केल्या. आणि खोली? असं मी विचारलं.

"त्या आवाजातून कधी सुटतेय असं झालं होतं मला. जिन्यात सही केली ती खुशीनेच केली होती, बाई. तुम्ही ती रद्द केलीत. तुला काय हवंय, हे भावांनी कधी विचारलं नाही. तुम्हीही नाही."