पाचवा कुठून मोजायचा

कापडे, ता. पोलादपूर
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
राजनंदिनीचा सा. न. वि. वि.

इकडे आई आणि मी ठीक आहोत. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं हर्षददादाच्या निरोपावरून कळलं, जीव भांड्यात पडला. वाडीतला टॉवर दिवाळीपासून बंद आहे, आणि चालू असता तरी फोनवर तुम्हाला काय ऐकू येणार? चाळीस वर्षं ट्रकच्या इंजिनाशेजारी बसून कान त्यालाच देऊन टाकलेत. म्हणून हे पत्र.

बातमी चांगली नाही. तुम्ही विक्रोळीला दादाकडे गेलात त्यानंतर चौथ्या दिवशी पेंढा आणायला मी गाडी काढली. ओढ्याच्या चढावर ती टकटक करायला लागली, ताकदही गेली. कशीबशी अंगणात आणून लावली. कव्हर उघडून पाहिलं तर पाचव्या सिलिंडरवरच्या एका व्हॉल्वची स्प्रिंग तुटून दोन तुकडे झालेली.

दादाने कळवलंय की तीस तारखेला भंगारवाला येईल. तोवर गाडी चालू झाली तर तुम्ही म्हणाल तसं, नाहीतर तो घेऊन जाईल. महाडच्या सुनील मेस्त्रींनी नवी स्प्रिंग दिली, पण त्यांना यायला डिसेंबर उजाडेल. मी ती घरीच बसवते. एकच भीती आहे. जुनी स्प्रिंग काढल्यावर व्हॉल्व धरायला काही राहत नाही, तो खाली सिलिंडरात पडला तर सगळं हेड उतरवावं लागेल. ते माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही आठ वर्षांपूर्वी अशीच स्प्रिंग बदलली होती ना, तेव्हा काय केलं होतं ते कळवा.

आणि गाडी चालू झाली तर ती मला चालवायची आहे. लायसन आहे, कंपनीतल्या पहिल्या पाळीचा कंटाळाही आहे.

माया आहे तशी ठेवा.
आपली,
राजनंदिनी

विक्रोळी
८ नोव्हेंबर

चि. राजनंदिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. इंजिन म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे, की झाकण उघडलं आणि हात घातला. पण तू ऐकणार नाहीस, आईवर गेली आहेस. तेव्हा नीट वाच.

पिस्टन पूर्ण वर असला की व्हॉल्व त्याच्यावर टेकून राहतो, आत पडत नाही. मागे पाचव्याचीच स्प्रिंग गेली होती. तेव्हा मी पुढच्या पुलीवर छिन्नीने खूण करून तांबडा रंग दिला होता. ती खूण बरोबर वर आण, की पाचवा वर आला समज. मग चाकांना दगड लाव. हेडवरच्या उघड्या भोकांत फडकी कोंब. स्प्रिंगच्या डोक्यावरची दोन लॉकं तांदळाच्या कणीएवढी असतात, ती इंजिनात गेली तर शोधत बसशील.

चालवायचं म्हणतेस, ते पुढचं पुढे. घाटात बाईमाणसाने ट्रक नेणं मला अजून पटत नाही.

आईला जप, आणि रागावू नकोस.
तुझे बाबा

विक्रोळी
१४ नोव्हेंबर

चि. राजनंदिनीस, आशीर्वाद.

थांब. गाडीला हात लावू नकोस.

काल व्यायामाला नेलं, तिथल्या बाईंनी पाचव्या खुर्चीवर बसायला सांगितलं. मी जाऊन भलत्याच माणसाच्या खुर्चीवर बसलो. त्या दारापासून मोजत होत्या, मी खिडकीपासून. तिथेच माझ्या ध्यानात आलं. मी सिलिंडर केबिनकडून मोजतो, ड्रायव्हर बसतो तिकडून. उस्तादाने तसंच शिकवलं. तू मेस्त्रीच्या हाताखाली बघून शिकलीस, म्हणजे पंख्याकडून मोजलं असशील. मग सहांतला माझा पाचवा तो तुझा दुसरा. तांबडी खूण त्याची आहे, तुझ्या पाचव्याची नव्हे. व्हॉल्व आत पडेल गो.

सुनेने, सोनालीने, तीनदा फोन लावला, लागत नाही. हे स्पीड पोस्टाने टाकतो.
बाबा

कापडे
१८ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ‘थांब’ काल पोचलं. स्प्रिंग परवाच, रविवारी बसवली.

तांबडी खूण वर आणली आणि तुमच्यावर भरवसा ठेवून कामाला लागले. दुसऱ्या कशानेही तपासलं नाही. पोलादपूरच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्टीला भोक पाडून आणलं होतं, तिने स्प्रिंग दाबली. लॉकं आईने हळदीकुंकवाच्या करंड्यात ठेवली, म्हणाली की इथून आजवर काय हरवलं नाय. व्हॉल्व जागचा हलला नाही. दोन तासांत नवी स्प्रिंग बसली.

आणि काल तुमचं पत्र वाचलं. मी पंख्याकडूनच मोजलं होतं. म्हणजे खूण चुकीची, तरी व्हॉल्व पडला कसा नाही? आज पाळी सुटल्यावर थेट सुनील मेस्त्रींकडे गेले. ते आधी पोट धरून हसले, मग दोन्ही हातांची बोटं वर करून दाखवलं. सहा सिलिंडरांत दुसरा आणि पाचवा जुळे असतात, एक वर आला की दुसराही वर. केबिनकडून मोजा नाहीतर पंख्याकडून, ती खूण दोघांचीही आहे. आपण दोघं दोन टोकांकडून मोजत होतो, आणि दोघंही बरोबर होतो.

गाडी दुसऱ्या हाकेला चालू झाली. आईचं म्हणणं, की ही अगदी त्यांच्यासारखीच हाय, पयली खोकणार आणि मगच बोलणार. तुम्ही इथे हवे होतात. तुम्हाला ऐकू आलं नसतं, पण बॉनेटवर हात ठेवला असतात.

आता तीस तारखेचं काय ते तुम्ही सांगा. उत्तराची वाट पाहते.
आपली,
राजनंदिनी

विक्रोळी
२३ नोव्हेंबर

चि. राजनंदिनीस,
अनेक आशीर्वाद.

चाळीस वर्षं गाडी हाकली आणि दुसरा-पाचवा जुळे असतात हे मला ठाऊक नव्हतं. मुलीकडून कळलं, बरं वाटलं. तुझं पत्र मी स्वतःच हर्षदच्या हातात दिलं. त्याने वाचलं आणि भंगारवाल्याला येऊ नकोस म्हणून कळवलं.

एक लिहायचं आहे. चौदा तारखेला मी थांब लिहिलं ते व्हॉल्वच्या भीतीने. पण लायसन काढलंस तेव्हाही मी तेच म्हणालो होतो, आणि आठ तारखेच्या पत्रातही वेगळ्या शब्दांत तेच लिहिलं. तेव्हा आत काही पडणार नव्हतं. माझंच मोजणं एका बाजूचं होतं. तू मनाला लावून घेतलं असशील, ते सोड.

गाडीचे कागद देवघराच्या फळीमागे आहेत. तुझ्या नावावर करायच्या अर्जावर मी सही केली आहे, सोबत पाठवतो.

डॉक्टर सहा डिसेंबरला सोडतात. हर्षद मला पनवेलपर्यंत आणेल, पुढे न्यायला गाडी घेऊन तू ये. मी क्लीनरच्या सीटवर बसेन. पोरसवदा होतो त्यानंतर त्या बाजूला बसलेलो नाही. घाट आला तरी काही बोलणार नाही, नुसता केबिनमधल्या बॉनेटवर हात ठेवून बसेन.

सावकाश ये.
तुझे बाबा