दोन बोटं रुंदीची पट्टी

नंदनवन, नागपूर
बुधवार, १७ डिसेंबर २०२५

प्रिय गुंजन,

आज सकाळी साडेसहाला उठलो. थंडी बरीच आहे. दूध तापवलं, चहा केला, गोळी घेतली. दहा वाजता लकडगंजला गेलो, साडेबाराला परत आलो. कालचं वरण गरम केलं, भात लावला. तीन वाजता भावना येऊन गेली. पाच मिनिटंही थांबली नाही. त्यानंतर मी कुठे गेलो नाही. आता साडेपाच वाजले आहेत आणि मी हे लिहायला बसलो आहे.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी चार वाक्यांच्या पुढे जात नाही. मागच्या वेळी थोडा जास्त बोललो आणि पुढचं सगळं त्यावरून झालं. म्हणून या वेळी घडलं तसं, क्रमाने लिहितो. सर्वे ऑफिसात बत्तीस वर्षं नकाशे काढले. एक रेघ पुरी झाल्याशिवाय दुसरी ओढायची नाही, एवढंच मला येतं. मधेच वाचायचं सोडू नकोस.

सात तारखेला, रविवारी, उपासना संपल्यावर तुळसाबाई चर्चच्या पायऱ्यांवर मला थांबवून म्हणाल्या, "चंद्रभान, पाह्य बरं, सत्यवतीचीच टोपली वाटते का नाही?" त्यांना कुणीतरी नाताळची भेट म्हणून दिली होती. बांबूची टोपली, आत लाकडाचे कुरळे छिलके, त्यात केक, करंज्या आणि संत्र्याच्या मुरंब्याची बरणी. बरणीच्या झाकणावर ब्लाउजपीसचा गोल तुकडा. सगळ्यावरून हिरव्या कापडाची पट्टी बांधलेली, तिला कोयरीचा काठ. मी पट्टी हातात घेतली. गाठीच्या जवळ हरभऱ्याच्या डाळीएवढा तपकिरी डाग होता. तो डाग माझा आहे. तुझ्या साखरपुड्याच्या सकाळी तुझ्या आईची साडी इस्त्री करायला घेतली आणि जाळली. ती दुपारपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती आणि शेवटी डाग निऱ्यांत लपवून तीच साडी नेसली होती.

जुलैत, आई गेल्यावर, परत जाताना तू म्हणाली होतीस, "बाबा, आईच्या साड्यांच्या पेटीला हात लावू नका. मी दिवाळीत येऊन बघते. हिरवी मला हवी." मी हो म्हटलं होतं. दिवाळीत तुला सुट्टी मिळाली नाही, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

टोपली कुणाची, हे मला विचारावं लागलं नाही. मागच्या गल्लीतली भावना चार वर्षं तुझ्या आईच्या हाताखाली नाताळच्या टोपल्यांची बांधाबांध करत होती. सत्यवतीची प्रत्येक युक्ती तिला माहीत. बाजारातले चकचकीत खोके आपल्या घरी कधी आले नाहीत. तुझी आई म्हणायची, केकपेक्षा खोका महाग पडला तर लोक काय खोका खातील? छिलके लकडगंजच्या आरा मशीनवरून, गोपाळराव पोतं भरून द्यायचे. लग्नपत्रिकांची कोरी बाजू कापून नावाच्या चिठ्ठ्या. कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला ब्लाउजपीस द्यायच्या, ते ती शिवायची नाही, बरण्यांना टोप्या करायची. एका वर्षी सिंधूताई बरणी हातात धरून ओरडल्या होत्या, "काय वं सत्यवती, माझाच ब्लाउजपीस मलेच विकून राहिली!" आणि तरी दोन टोपल्या घेऊन गेल्या. रिबन म्हणजे जुन्या साड्यांच्या पट्ट्या, दोन बोटं रुंद. त्या कापायच्या नाहीत, फाडायच्या. काठाला कात्रीची खाच द्यायची आणि ओढायचं, म्हणजे कापड धाग्याच्या रेघेत सरळ फाटतं. गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटावी. पुढच्या नाताळाला जो रिबन परत आणेल त्याला चकलीचं एक पाकीट जास्त. चिठ्ठ्यांवरची नावं माझ्याकडे, कारण नकाशांमुळे अक्षर बरं. मी सवयीने उजव्या कोपऱ्यात तारीख टाकायचो. ती हसायची, लोकांना वाटेल मुरंबा या तारखेला खराब होतो.

त्या रविवारी घरी येऊन मी पेटी उघडली. तळाला अंथरलेला पेपर आणि डांबराच्या गोळ्या. एकही साडी नाही. पेटीची किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर असते आणि खिळा भावनाला माहीत होता. शेवटचे तीन महिने तिचं येणं-जाणं घरातल्यासारखं होतं. खिचडी आणायची, तुझ्या आईचं अंग पुसायची, केस विंचरून द्यायची. पेटीसमोर बसून मला वाटलं की ती सेवा करताना तिचा डोळा पेटीवर होता. मी तसाच तुला फोन केला. तू विचारलंस, "बाबा, नक्की ना?" मी म्हटलं, नक्की, तिनेच नेल्या. त्याच संध्याकाळी तू कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलंस की माझ्या गेलेल्या आईच्या साड्या चोरून त्यांच्या रिबनी विकल्या जात आहेत, त्यातली हिरवी तिने माझ्यासाठी ठेवली होती. दोन दिवसांत भावनाच्या निम्म्या ऑर्डरी गेल्या. मला सिंधूताईंनी सांगितलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

त्यानंतरचे दहा दिवस मी तिच्यावर नजर ठेवून होतो. माझ्या खिडकीतून गल्लीचं तोंड दिसतं. ती स्कूटीवर पोतं घेऊन जाताना दिसली की मी वेळ बघायचो. तिच्या दाराला नवा पडदा लागला, तर मला वाटलं आत काहीतरी झाकायचं असेल. ती दुकानात हळू बोलत होती, तेही मला लागलं. मोठ्याने बोलली असती तर तेही लागलं असतं. एकदा ती खिडकीखाली थांबली. "काका, तब्येत ठीक आहे नं? तुम्ही मले असे काहून पाहून राहिले?" मी खिडकी लावून घेतली. विचारायची हिंमत बघा, असं मनात आलं.

आज लकडगंजला गेलो तो याचसाठी. भावना सत्यवतीचं नाव सांगून छिलके उचलते का, ते मला पकडायचं होतं. गोपाळराव सागवानाचा ओंडका चढवत होते. हात पुसून म्हणाले, "तिनं कायले नाव सांगावं, भाऊ? वहिनीच मे महिन्यात ऑटोनं आल्या होत्या. उतरल्याबी नाही. मले ऑटोपाशी बोलावलं अन् सांगितलं, यंदापासून छिलके भावनाले द्यायचे. पैसे घ्यायचे नाही, केक घ्यायचा." मे महिन्यात तुझ्या आईला दारापर्यंत चालवत नव्हतं. त्या दिवशी ती रक्त तपासायला जाते म्हणाली होती, आणि भावना सोबत होती. मला कुणीच काही सांगितलं नाही. परत येताना ऑटोत मी काय विचार करत होतो, तेही लिहितो. आजारी बाईला फूस लावून तिनेच नेलं असेल, असा विचार करत होतो.

तीन वाजता भावना आली. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. हात लांब करून कापडी पिशवी ओट्यावर ठेवली. म्हणाली, "काका, सात पुऱ्या आहेत. मोजून घ्या. आठवी फाडली, तिच्या पट्ट्या लोकाईच्या घरी गेल्या, त्या आता मले परत मागता नाही येत." ती जायला निघाली आणि परत वळली. "गुंजनताईले सांगा, हिरवी त्यांना पाहिजे होती हे मले ग्रुपवरच समजलं. आधी माहीत असतं तर तिले हात नसता लावला." ती रडली नाही, भांडली नाही. फाटकाची कडी लावून गेली. मी मनात म्हटलं, सापडली म्हणून आणून दिल्या.

साड्या मोजल्या. सातच होत्या, घडी घालून, प्रत्येकीत डांबराची गोळी. सर्वांत खालच्या जांभळ्या साडीला सेफ्टीपिनने एक चिठ्ठी लावलेली होती. लग्नपत्रिकेची कोरी बाजू, एका कडेला सोनेरी वेल अर्धी कापलेली. त्यावर लिहिलं आहे, "भावनासाठी. पट्ट्या करायला. सत्यवतीची इच्छा." उजव्या कोपऱ्यात २ ऑगस्ट २०२५.

अक्षर माझं आहे, गुंजन. नकाशावर काढायचो तसा भ, त्याची तशीच गाठ. कोपऱ्यात तारीख टाकणारा माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही. तू २४ जुलैला गेलीस, त्यानंतर नवव्या दिवशी मी पेटी उघडली, पत्रिका कापली, चिठ्ठी लिहिली, पिन लावली आणि आठ साड्या मागच्या गल्लीत नेऊन दिल्या. मला यातलं काही आठवत नाही. चिठ्ठी हातात घेऊन दोन तास बसलो, तरी आठवत नाही. दवाखान्यात कधीतरी तुझ्या आईने मला सांगितलं असेल आणि मी मान हलवली असेल. त्या दिवसांतलं मला फक्त दारातल्या चपला आणि भरून वाहणारी टाकी एवढंच दिसतं. ही चिठ्ठी भावनाकडे पहिल्या दिवसापासून होती. तू ग्रुपवर लिहिलंस तेव्हा तिने चिठ्ठीचा एक फोटो टाकला असता तर सगळ्या कॉलनीने माझं अक्षर ओळखलं असतं. घराघरांत त्या चिठ्ठ्या आहेत. तिने टाकला नाही. निम्म्या ऑर्डरी जाऊ दिल्या आणि चिठ्ठी सातव्या साडीला तशीच ठेवून मला एकट्याला पाठवली.

हे पत्र मी माफी मागायला लिहीत नाही. ती मला भावनाकडे मागायची आहे. तुझ्याकडून एक काम हवं आहे, त्यासाठी लिहितो. उद्या सकाळी हे स्पीड पोस्टने टाकतो, शनिवारपर्यंत मिळेल. नाताळला तेव्हा पाच दिवस राहतील, तेवढ्यात तिच्या काही टोपल्या जातील. ज्या ग्रुपवर तू पहिलं लिहिलंस तिथेच लिही, तुझ्याच नावाने, की साड्या बाबांनी स्वतः दिल्या होत्या आणि बाबा विसरले. मला वाचवायला म्हणून गैरसमज झाला असं गुळमुळीत लिहू नकोस. विसरले हाच शब्द लिही. मी रविवारी उपासनेनंतर उभा राहून तेच सांगणार आहे. तुला कबूल केलेली हिरवी साडी मी देऊन टाकली, याचा राग तू धर, तो बरोबर आहे. ऑक्टोबरमध्ये गॅस चालू राहिला होता तेव्हा तू एका डॉक्टरांचं नाव सांगितलं होतंस आणि मी फोन ठेवून दिला होता. आता आलीस की मला त्यांच्याकडे घेऊन चल. उरलेल्या साड्यांपैकी एखादी तुझ्यासाठी ठेवावी असं मनात आलं, पण त्या आता भावनाच्या आहेत, तिला विचारावं लागेल. उद्या तिच्या दारात जायचं आहे आणि नुसती पिशवी परत ठेवून यायचं नाही. म्हणून तिच्या टोपल्यांना पट्ट्या करून न्यायला जांभळी साडी टेबलावर घेतली आहे. पहिली पट्टी कात्रीने कापत गेलो, ती वाकडी झाली. आता काठाला खाच दिली आहे, दोन बोटं मोजून घेतली आहेत, आणि ओढतो आहे.

तुझाच,
बाबा