हजेरी न घेणारी शाळा

६ नोव्हेंबर
पलीकडून बोटीने फॉर्म आला. 'शाळेची बलस्थाने' – मोठा चौकोन. 'शाळेच्या उणिवा' – त्याहून मोठा! महिनाअखेर बेटाची सभा. शाळा ठेवायची, की मार्चमध्ये बंद करून मुलांना पलीकडच्या मोठ्या शाळेत घालायचं, ते हात वर करून ठरणार. फॉर्म भरून वाचायचा मी, मुख्याध्यापकाने. मी याच शाळेत शिकलो. म्हणजे आरोपीचा वकीलही मी आणि पंचनामाही मीच करायचा.

७ नोव्हेंबर
बलस्थाने. विद्यार्थी तीन: काएदे सहावीत, गेन्ता चौथीत, काएदेची धाकटी बहीण मियो पहिलीत. विद्यार्थी मंडळाची निवडणूक बिनविरोध – काएदे अध्यक्ष, गेन्ता उपाध्यक्ष, मियो जनता. हजेरी घ्यावी लागत नाही, दिसतंच! रोज वेळ वाचतो.

दुपारी नियमाप्रमाणे, अन्न बाधत नाही ना ते पाहायला, मुलांच्या अर्धा तास आधी एकटा जेवलो. वहीत नोंद: 'भात, मिसो सूप, बांगडा. बाधा नाही.' स्वयंपाकाच्या शिगेकोबाई म्हणाल्या, "वीस वर्षं झाली, एकदा तरी 'छान' लिहा की हो!" तसा रकाना नाही.

मग काएदे रोजच्यासारखी माईकच्या खोलीत गेली. "सूचना. आज बांगडा आहे. काटे सांभाळा. सर्वांनी जेवायला बसावं." सर्व म्हणजे गेन्ता आणि मियो. भोंग्यावरचा तिचा आवाज बंदरापर्यंत जातो.

उणिवा: सुचल्या नाहीत.

१२ नोव्हेंबर
काएदेला एक दिवस मोठ्या शाळेत पाहुणी म्हणून नेलं. वर्गात चौतीस मुलं. नेहमीच्या बाई रजेवर; त्यांच्या जागी दिवसापुरत्या आलेल्या बाईंनी हजेरी घेतली. "मोरियामा काएदे." गप्प. पुन्हा नाव. गप्प. तिसऱ्यांदाही. सगळी डोकी वळली. बाई कुणालाच चेहऱ्याने ओळखत नव्हत्या, त्यांनी गैरहजेरी लावली – आणि पोर तिसऱ्या रांगेत बसलेली! मी मागे उभा होतो. मीही बोललो नाही.

परतताना बोटीवर म्हणाली, "सर, बाबांना सांगू नका हं."
"नाही सांगत."
मला हायसं वाटलं. त्याची लाज वाटते.

२९ नोव्हेंबर
फॉर्म भरून झाला. उणिवा: छपराला गळती.

३० नोव्हेंबर
सभा. सगळं बेट आलं, सत्तेचाळीस माणसं. बलस्थाने वाचली, टाळ्या पडल्या. मग गळती वाचली. काएदेचे बाबा, मोरियामा, उठले, "सर, छप्पर मी रविवारी दुरुस्त करतो. एवढ्यासाठी शाळा मोडायची? मग माझी बोट कधीच मोडायला हवी होती!" लोक खो खो हसले. आता हात वर होणार, तेवढ्यात भोंगा खरखरला.

"सूचना. मी काएदे. मोठ्या शाळेत माझं नाव घेतलं. मला 'हजर' म्हणता आलं नाही. इथे कुणी नाव घेतच नाही. मला खूप माणसांसमोर बोलता येत नाही, म्हणून इथून बोलतेय. मियो अजून लहान आहे. तिला आत्ताच तिकडे पाठवा. सूचना संपली."

 मोरियामा माझ्याकडे वळले. "सर, तुम्हाला ठाऊक होतं?"
"होतं."

शाळा बंद करायला एक्केचाळीस हात. पहिला मोरियामांचा.

१ डिसेंबर
हजेरी सुरू केली. तीन नावं, अकरा सेकंद. मियोचं 'हजर' बंदरावर ऐकू गेलं असेल. काएदेचे नुसते ओठ हलले.

१८ फेब्रुवारी
हजेरीला हल्ली बंदरावरची रिकामटेकडी माणसं आणून बसवतो. आज एकोणीस. मोरियामा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. माझ्याशी अजून बोलत नाहीत, पण येतात. काएदेचं 'हजर' शिगेकोबाईंना स्वयंपाकघरात ऐकू गेलं!

जेवणाच्या वहीत 'छान' लिहिलं. रकाना नव्हता, समासात लिहिलं.

२४ मार्च
शेवटचा दिवस. हजेरी काएदेने घेतली, सगळ्या बेटासमोर उभी राहून, माईक न घेता. तीन नावं झाली. मग चौथं घेतलं – माझं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. माझा आवाज फुटेना.

मियोने पेन्सिलीने माझी गैरहजेरी लावली.